मॉक ड्रिलला मार्क कोण देतं?

खाडीपल्याड – गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एका अणुवीज केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आत आमचं गाव आहे. कुठलं केंद्र ते मुद्दाम लिहीत नाही. मी सरकारी शाळेत शिकवते आणि अजून ११ वर्षं नोकरी करायची आहे.

परवा आमच्याकडे आणीबाणीचा सराव झाला. सरपंचांना आठवडाभर आधी पत्र, शाळेला आदल्या दिवशी निरोप. 'अपघात' सकाळी १० वाजता व्हायचा होता, पण एसटीच्या ३ गाड्या साडेआठलाच पिंपळाखाली येऊन थांबल्या. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेले. मग जीपवरून भोंगा: घरात जा, दारं-खिडक्या लावा, विहिरीवर झाकण टाका, उघड्यावरचं खाऊ-पिऊ नका. थोड्या वेळाने गोळ्या वाटल्या (चॉकलेटच्या, पोरं खूश). मग गाडीत बसवून तालुक्याच्या कॉलेजात नेलं, अंगावरून यंत्र फिरवलं, बिस्किटं दिली, दुपारी १ वाजता घरी. सगळं शिस्तीत झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

एकच गोष्ट घडली. शेजारच्या काकू गाडीत चढेनात. "माझ्या शेळ्या कोण नेणार?" साहेब म्हणाले, "आजी, आज खरं नाहीये." काकू म्हणाल्या, "ते कळलं. खरं असेल त्या दिवशी कोण नेणार ते सांगा." तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेली दोन माणसं वही घेऊन उभी होती. त्यातल्या बाईंनी हे लिहून घेतलं. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही निरीक्षक.

माझा प्रश्न एवढाच: त्या वहीचं पुढे काय होतं? मी पेपर तपासते, मार्क देते, पालकांना बोलावून दाखवते. या परीक्षेत कोणी नापास होतं का? झालं तर पुढे काय?

बोरूबहाद्दर – रात्री ९:५२

एसटी दीड तास आधी येऊन उभी? म्हणजे अपघात खोटा होता हे तिथेच सिद्ध झालं.

(चणे-फुटाणे घेऊन बसलोय. येऊ द्या.)

टर्बाइनकाका – रात्री ११:१५

बाई, प्रश्न चांगला विचारलात. मी ३१ वर्षं अणुवीज केंद्रांत काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सराव तीन पातळ्यांवर होतात. पहिली प्लँट आणीबाणी, म्हणजे गडबड युनिटच्या (एका अणुभट्टीच्या) आतच आहे. तिचा सराव दर तिमाहीला. दुसरी साइट आणीबाणी, म्हणजे कुंपणाच्या आतल्या सगळ्या आवारापर्यंत. तिचा सराव वर्षातून एकदा. तिसरी तुम्ही पाहिली ती, कुंपणाबाहेरची, दोन वर्षांतून एकदा. पहिल्या दोन्ही केंद्राने घ्यायच्या. आमच्याकडे भोंगा झाला की हातातलं काम टाकून असेंब्ली एरियात जायचं, बिल्ले मोजायचे आणि कोण आत राहिलं ते ठरलेल्या मिनिटांत कंट्रोल रूमला कळवायचं. एक माणूस जरी हिशेबात लागला नाही तरी शिफ्ट चार्ज इंजिनिअरचं डोकं फिरायचं. तो कँटीनमध्ये सापडला तर आणखीच.

कुंपणाबाहेरच्या सरावासाठी केंद्राभोवतीचा १६ किमीचा परिसर १६ पाचरींत कापलेला असतो, कलिंगडासारखा. त्या दिवशीचा वारा ज्या पाचरीकडे धरला असेल तिथलं एखादं गाव निवडतात. म्हणजे तुमच्या गावाची पाळी पुन्हा कधी येईल ते देवाला ठाऊक. सगळी गावं एकदम हलवून पाहणं व्यवहारात शक्य नाही.

आता मार्कांचं. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. केंद्राचं लायसन्स त्यांच्या हातात, आणि वही घेऊन उभे असतात ते निरीक्षकही त्यांचेच. नव्या केंद्राला पहिलं इंधन भरायची परवानगी हवी असेल तर त्याआधी बाहेरचा सराव करून दाखवावाच लागतो. तमिळनाडूतल्या कुडनकुलम केंद्रासाठी २०१२ च्या जूनमध्ये नक्कनेरी गावात सराव झाला आणि ऑगस्टमध्ये इंधन भरायला मंजुरी मिळाली. तेव्हा त्या वहीला वजन असतं. आतल्या सरावात त्रुटी निघाली तर मंडळ केंद्राला जाब विचारतं, तारीख देतं, पुन्हा येऊन बघतं.

बाहेरच्या सरावाचा प्रमुख मात्र आम्ही नसतो, जिल्हाधिकारी असतात.

बोलघेवडी – रात्री ११:३१

काका, म्हणजे प्रश्नपत्रिका तुम्ही काढणार, पेपर कलेक्टर लिहिणार आणि वही घेऊन तिसरंच कोणीतरी उभं?

टर्बाइनकाका – रात्री ११:४४

अगदी तसंच. फक्त त्या तिसऱ्याला कलेक्टरचे मार्क कापता येत नाहीत. लायसन्स आमचं, कलेक्टरांचं नव्हे.

निवृत्त_नायब – शुक्रवार, सकाळी ६:२०

आता मला बोलावंच लागेल. मी कलेक्टर नव्हतो. कलेक्टर ज्याला सांगतात तो जिला सांगतो त्या खुर्चीत होतो. असे दोन सराव अंगावर घेतलेत. जिल्हा विचारू नका.

शहरातल्या लोकांना वाटतं की आणीबाणीचं एक खातं असेल, तिथे माणसं बसलेली असतील. खातं म्हणजे एक क्लार्क, एक संगणक आणि एक कपाट. त्याच टेबलावर पूर, वीज पडून मेलेली गुरं, मतदार याद्या आणि जत्रेचा बंदोबस्त. मी पहिल्या वेळी आराखड्याची जाड फाइल उघडली तर फोन नंबरांच्या यादीतले ९ अधिकारी बदलून गेले होते आणि १ वारले होते. यादी नवी करायला दोन दिवस लागले. सरावाचा खरा फायदा विचाराल तर हाच. दोन वर्षांतून एकदा ती यादी नवी होते.

एसटी आधी का उभी? तर डेपो मॅनेजर म्हणतो, शाळेच्या फेऱ्या रद्द करायच्या तर मला आदल्या दिवशी लेखी द्या. रास्त आहे त्याचं. खऱ्या वेळी गाडी यायला किती वेळ लागेल हे मात्र मग कोणालाच समजत नाही. तेच तर मोजायचं होतं!

निरीक्षकांबद्दल. संध्याकाळी कलेक्टर कचेरीत बैठक होते. निरीक्षक एकेक मुद्दा वाचतात: अमुक ठिकाणी ध्वनिक्षेपक ऐकू आला नाही, अमुक पथकाला मापनयंत्र चालवता आलं नाही, रुग्णवाहिकेला रस्ता माहीत नव्हता. माणसं हुशार असतात, काही सुटत नाही त्यांच्या नजरेतून. साहेब म्हणतात, "नोंद घेतली." मग इतिवृत्त निघतं, प्रत्येक मुद्द्यापुढे खात्याचं नाव लागतं. आणि पुढच्या सरावापर्यंत कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, मी, सगळे बदलून गेलेले. निरीक्षक माझा साहेब नव्हता, माझा गोपनीय अहवाल तो लिहीत नव्हता. खरं ते सांगतो.

अर्धा_पेला – शुक्रवार, सकाळी ९:०५

वरच्या दोघांनी प्रामाणिकपणे लिहिलं, त्यांना दंडवत. पण त्यांनी जे गोडीगुलाबीने सांगितलं ते कॅगने (सरकारी कारभार तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) २०१२ च्या अहवालात स्पष्ट लिहून ठेवलंय. बाहेरच्या सरावांतून तयारी अपुरी असल्याचं दिसलं, आणि मंडळ ज्या सुधारणा सुचवतं त्या करायला लावण्याचा अधिकारच मंडळाला नाही. २०१३ च्या डिसेंबरात संसदेच्या लोकलेखा समितीनेही मंडळाच्या अधिकारांवर कडक शब्दांत लिहिलं.

त्याच्या आधी, जपानच्या फुकुशिमा केंद्रातल्या अपघातानंतर, २०११ च्या सप्टेंबरात स्वतंत्र नियामकाचं विधेयक लोकसभेत आलं होतं. २०१४ ला लोकसभा संपली तसं तेही संपलं. इतकी वर्षं मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचेच सचिव. आणि केंद्रं चालवणारी कंपनीही त्याच खात्याखाली. सासूनेच सुनेची तक्रार ऐकायची.

खाडीपल्याड, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: कोणी नापास होत नाही. कारण हे नाटक आहे.

टर्बाइनकाका – शुक्रवार, सकाळी १०:३०

@अर्धा_पेला, सासू-सून मान्य. कॅगचं म्हणणंही मान्य. नाटक मात्र मान्य नाही.

३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइन हॉलमध्ये आग लागली. सगळ्या केबली जळाल्या, सुमारे १७ तास केंद्रात वीज नाही, कंट्रोल रूममध्ये धूर. त्या रात्री माणसं बॅटऱ्या घेऊन अंधारात रिअॅक्टर इमारतीच्या वर चढली आणि बोरॉनचे व्हॉल्व्ह हाताने उघडले, म्हणजे अणूंचं विभाजन पुन्हा सुरू व्हायला नको. डिझेलवरचे आगीचे पंप सुरू करून पाणी दिलं. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्यांच्या पायांना पाठ होतं म्हणून झालं. असं पाठांतर पुस्तक वाचून होत नाही.

११ मार्च २०१६ ला गुजरातेत काकरापार केंद्राच्या युनिट १ मध्ये जड पाण्याची (अणुभट्टीत फिरवतात ते) गळती झाली तेव्हा खरी प्लँट आणीबाणी जाहीर झाली. (तारीख पाहा. फुकुशिमाला बरोब्बर ५ वर्षं. आम्हाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता.) ती प्लँटच्या पातळीवरच राहिली, बाहेर कोणाला हलवावं लागलं नाही.

आतले सराव खरे असतात कारण तिथे जबाबदारी एकाची आहे. रोग कुंपणाबाहेर आहे, आणि तुम्ही औषध कुंपणाच्या आत शोधताय.

अर्धा_पेला – शुक्रवार, सकाळी १०:५८

रोग कुंपणाबाहेर आहे असं कुंपणाच्या आतला माणूस म्हणतोय. हलके घ्या :)

जर्सीचा_जावई – शुक्रवार, संध्याकाळी ५:१०

काकांचा "लायसन्स आमचं, कलेक्टरांचं नव्हे" हा मुद्दा कळीचा आहे. अमेरिकेत ही गाठ कशी सोडवली ते सांगतो.

२८ मार्च १९७९ ला तिथल्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला. गव्हर्नरने गर्भवती आणि लहान मुलांना बाहेर पडायचा सल्ला दिला आणि त्यांच्या कितीतरी पट लोक गाड्या काढून निघाले. त्यानंतर नियम आले. केंद्राभोवती १० मैलांचा पट्टा (म्हणजे तुमचे १६ किमीच), दर दोन वर्षांनी मोठा सराव. आतलं अणुनियामक तपासतो, बाहेरचं 'फेमा' नावाचं संघराज्य सरकारचं आपत्ती खातं. फेमाला बाहेर गंभीर दोष आढळला तर १२० दिवसांत तो दुरुस्त करून दाखवायचा. आणि बाहेरची तयारी पुरेशी आहे अशी खात्री उरली नाही तर अणुनियामक केंद्रालाच मुदत घालतो: ४ महिन्यांत सुधारा, नाहीतर केंद्र बंद करायचं का ते आम्ही ठरवू. म्हणजे नापास काउंटी (तिकडचा जिल्हा) झाली तरी छडी कंपनीच्या हातावर. मग कंपनी स्वतःच्या पैशाने काउंटीला सायरन, रेडिओ, प्रशिक्षण, सगळं देते. तिला गरज असते ना!

याचं दुसरं टोकही पाहा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर शोरहॅम नावाचं केंद्र बांधून तयार होतं. १९८३ मध्ये सफोक काउंटीने ठराव केला की या बेटावरून लोकांना वेळेत बाहेर काढणं शक्यच नाही, म्हणून आम्ही आराखड्यात आणि सरावात भागच घेणार नाही. गव्हर्नर कुओमो काउंटीच्या बाजूने. कंपनीने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना पोलिसांच्या जागी उभं करून सराव केला. शेवटी १९८९ मध्ये केंद्र बंद करायचा करार झाला. व्यापारी तत्त्वावर वीज विकलीच नाही कधी.

आणखी एक, एसटीवरून आठवलं. २०११ च्या सुधारित नियमांत त्यांनी हेच पकडलं की लोकांना गोष्ट पाठ झालीये. दर वेळी १० ला सुरुवात, १२ ला किरणोत्सार, २ ला जेवण. म्हणून ८ वर्षांच्या चक्रात गोष्टी बदलत्या हव्यात असं ठरलं. एखाद्यात हल्ला होतो, एखाद्यात किरणोत्सार बाहेर पडतच नाही आणि तरीही लोकांना हलवायचं की नाही ते ठरवावं लागतं.

निवृत्त_नायब – शुक्रवार, संध्याकाळी ५:४०

"काहीच होत नाही" असा सराव मला फार आवडला असता.

कोळंबीभात – शुक्रवार, रात्री ८:१५

बोईसरची आहे म्हणून लिहिते. इथल्या तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ ची, आमच्या आईच्या लग्नाच्याही आधीची. नंतर ३ आणि ४ आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यामुळे "हलवणं" हा शब्द आमच्याकडे दोन अर्थांनी ऐकू येतो, एक तासाभराचा आणि एक कायमचा. बाहेरून येऊन सराव घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भोंगा वाजला की म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा दुसराच अर्थ आठवतो.

आणि खरं सांगायचं तर आम्हाला रोजची भीती एमआयडीसीची आहे, अणुवीज केंद्राची नाही. रसायनांचे कारखाने, स्फोट, रात्रीचा वास. त्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के. लोक थंडीत तंबूत झोपत होते. आम्हाला सराव नको, जरा उसंत द्या.

टर्बाइनकाका – शुक्रवार, रात्री ८:५०

@कोळंबीभात, बरोबर बोललात. भोपाळनंतर रसायनांसाठी १९८९ चे नियम आले. कारखान्याने दर ६ महिन्यांनी आत सराव घ्यायचा आणि बाहेरचा वर्षातून एकदा. बाहेरच्या सरावाचा नियम कागदावर अणुवीज केंद्रांपेक्षा दुप्पट कडक! आता इथल्या बोईसर, चिपळूण, महाड, डोंबिवलीकरांनी हात वर करा, वर्षातून एकदा तुमच्या वस्तीत रसायनाचा सराव झालेला कोणी पाहिलाय?

बोलघेवडी – शुक्रवार, रात्री ९:०२

डोंबिवली. हात खाली.

साधा_सुधाकर – शुक्रवार, रात्री ९:०४

महाड. सायरन ऐकलाय. जेवणाच्या सुट्टीचा.

डॉ_कडुनिंब – शनिवार, सकाळी ७:३०

चॉकलेटच्या गोळ्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण यातून फार गैरसमज होतो.

खरी गोळी पोटॅशियम आयोडाइडची, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅम, मुलांना वयाप्रमाणे कमी. ती 'रेडिएशनवरचं औषध' नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकायची, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. एवढंच तिचं काम. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांवर उपयोग शून्य. ती किरणोत्सारी ढग येण्याच्या थोडी आधी किंवा लगेच घ्यावी लागते. दिवस उलटून गेल्यावर घेतली तर फारसा अर्थ नाही. सर्वांत जास्त गरज मुलांना आणि गर्भवतींना, चाळिशीपुढच्यांना सर्वांत कमी. सरावात मात्र रांगेत आधी कोण असतं? सरपंच.

म्हणून निरीक्षकाने खरं तर एकच गोष्ट मोजावी: "गोळ्या द्या" असा हुकूम निघाल्यापासून शेवटच्या पाड्यावरच्या शेवटच्या मुलाच्या तोंडात गोळी जाईपर्यंत किती मिनिटं गेली. आशाताईंना विचारा, त्या घड्याळ न बघता सांगतील. स्वित्झर्लंडमध्ये केंद्रापासून ५० किमीपर्यंत गोळ्या आधीच घरोघरी वाटून ठेवतात. आपल्याकडे घरात ठेवल्या तर ताप आल्यावर खातील, ही भीती मलाही आहे. पण मग कुलपाची किल्ली कोणाकडे, हे तरी गावात दोघांना माहीत हवं.

जपानमध्ये २०११ ला मिहारू नावाच्या गावाने १५ मार्चला स्वतःच्या जबाबदारीवर गोळ्या वाटल्या. वरून हुकूम आलाच नव्हता. वारा आपल्याकडे वळतोय हे बघून नगरपालिकेने ठरवलं.

एजॅक्सकर – शनिवार, संध्याकाळी ६:४५

माझ्या ड्रॉवरमध्ये त्या गोळ्या आहेत. मी टोरांटोच्या पूर्वेला, पिकरिंग केंद्रापासून १० किमीच्या आत राहतो. इथल्या नियामकाने केंद्रचालकाला बजावलं आहे की १० किमीच्या आतल्या प्रत्येक घरात गोळ्या पोचल्या पाहिजेत आणि ५० किमीपर्यंत जो मागेल त्याला मिळाल्या पाहिजेत. २०१५ मध्ये पाकीट घरी आलं. बायकोने ते हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी ठेवलंय.

१२ जानेवारी २०२०, रविवार, सकाळी ७:२३. सगळ्या ओंटारियोतल्या फोनवर तो भयानक कर्कश आवाज आणि संदेश: पिकरिंग केंद्रात घटना घडली आहे, किरणोत्सार वाढलेला नाही, सध्या काही करायची गरज नाही. बाहेर अंधार. आई पुण्याहून आली होती. तिने पहिल्यांदा देवापुढे दिवा लावला, मग चहा टाकला. मी पाकीट शोधतोय. बायको म्हणते, "काही करायची गरज नाही असं लिहिलंय ना? मग काही करू नकोस!" शेजारी गाडीत सामान भरतोय.

९:११ ला दुसरा संदेश: चुकून गेला. तब्बल १०८ मिनिटांनी! चौकशीत कळलं की पाळी बदलताना रोज यंत्रणेची चाचणी घेतात, आणि माणसाला वाटलं आपण संगणकावरच्या प्रशिक्षणाच्या खात्यात आहोत, प्रत्यक्षात खरं खातं उघडं होतं. चूक लगेच लक्षात आली होती, पण "चुकलं" हे लोकांना कोणी आणि कुठल्या शब्दांत कळवायचं ते ठरलेलं नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत ३२,००० हून जास्त लोकांनी गोळ्या मागवल्या.

सांगायचं ते एवढंच. इतके सराव करूनही "माघार" या पायरीचा सराव कोणी केला नव्हता.

बोरूबहाद्दर – शनिवार, संध्याकाळी ७:००

आईंना नमस्कार सांगा. दिवा आणि मग चहा. याहून चांगला आणीबाणीचा आराखडा वाचनात नाही.

कारवारचो_बाब – शनिवार, रात्री १०:२०

आमच्याजवळ कैगा अणुवीज केंद्र. एक प्रश्न कोणी विचारला नाही: भोंगा कुठल्या भाषेत? आमच्या तालुक्यात सरकारी भाषा कन्नड, घरी कोंकणी, कितीतरी घरांत मराठी, बांधकामावरची माणसं हिंदी आणि आणखी काय काय. कागदावर 'उद्घोषणा केली' एवढंच लिहिलेलं असतं. कळली कोणाला?

कोळंबीभात – शनिवार, रात्री १०:४१

+१. आमच्याकडे वारली, मांगेली, गुजराती, आणि एमआयडीसीच्या चाळींत बिहार-उत्तर प्रदेशची मुलं. "स्थलांतर निवाऱ्याकडे प्रस्थान करावे" हे मराठी तर मलाही दोनदा वाचावं लागतं.

अर्धा_पेला – रविवार, सकाळी ११:१५

जर्सीच्या जावयांनी आणि एजॅक्सकरांनी लिहिलं त्यावर विचार केला. 'नाटक' हा शब्द मागे घेत नाही, पण थोडी दुरुस्ती. नाटकाच्या तालमीत निदान दिग्दर्शक तरी ओरडतो.

जपानचं उदाहरण तर डोळ्यात अंजन घालणारं आहे. १९९९ च्या तोकाइमुरा इथल्या अणु-अपघातानंतर त्यांनी खास कायदा करून प्रत्येक केंद्राजवळ आणीबाणीचं कार्यालय बांधलं. दरवर्षी तिथून सराव. फुकुशिमाचं कार्यालय केंद्रापासून साधारण ५ किमीवर होतं. २०११ ला खरी वेळ आली तेव्हा भूकंपाने वीज आणि फोन गेले, किरणोत्सार आत यायला लागला आणि १५ मार्चला सगळ्यांना ते सोडून ६० किमीवरच्या फुकुशिमा शहरात पळावं लागलं. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून म्हाताऱ्यांना घाईघाईने हलवताना कितीतरी जण वाटेतच गेले. किरणोत्साराने नाही, हलवण्याने. नियामक सरावाला हजर असायचे, पण भूकंप आणि अपघात एकाच दिवशी झाला तर, हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे अणुऊर्जेचा नवा 'शांती' कायदा झाला, १९६२ चा कायदा गेला आणि मंडळाला कायद्यात जागा मिळाली. चांगलं झालं. खासगी कंपन्याही येणार आहेत, म्हणजे सासू-सून नातं तरी बदलेल. पण कलेक्टर कचेरीचे मार्क कापायची ताकद या मंडळाच्या हातात प्रत्यक्षात किती येते, ते बघायचं.

आणि हो, काकूंच्या शेळ्या. फुकुशिमाच्या २० किमीच्या पट्ट्यात गुरं गोठ्यातच राहिली, बरीच उपाशी मेली आणि मे महिन्यात सरकारने उरलेली मारून टाकायचा हुकूम काढला. काही शेतकऱ्यांनी हुकूम मोडला आणि बंदी असलेल्या भागात जाऊन चारा घालत राहिले. तेव्हा काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. माणूस जनावरासाठी परत फिरतो. त्या निरीक्षक बाईंना हे कळलं असावं म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

टर्बाइनकाका – रविवार, दुपारी १२:००

या पोस्टशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. तारीख लिहून ठेवा.

निवृत्त_नायब – रविवार, दुपारी १:१०

खाडीपल्याड बाई, तुम्हाला वहीचं पुढे काय झालं ते बघायचं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. पण 'निरीक्षकांचा अहवाल' मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील. 'सरावोत्तर आढावा बैठकीचे इतिवृत्त व त्यावरील अनुपालन' असे शब्द वापरा. आणि फक्त या वेळचं मागू नका, मागच्या सरावाचंही मागा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका.

खाडीपल्याड – रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. अर्ज यजमानांच्या नावाने टाकते. (११ वर्षं.)

बोरूबहाद्दर – ४१ दिवसांनी

धागा वर काढतोय. बाई, निकाल लागला का?

खाडीपल्याड – त्याच रात्री, १०:०५

लागला. ३४ व्या दिवशी आला. दोन्ही सरावांची इतिवृत्तं मिळाली, काही ओळी काळ्या करून, पण मिळाली.

बरंच सुधारलंय, हे आधी सांगते. मागच्या वेळी कंट्रोल रूम आणि तहसील यांच्यात फोन लागला नव्हता, या वेळी ४ मिनिटांत लागला. मागच्या वेळी मापनयंत्र चालवता न आलेलं पथक या वेळी बरोबर होतं. काका जिंकले असं म्हणूया.

शेळ्याही आहेत. मुद्दा १४: "पशुधनाच्या स्थलांतराबाबत संबंधित विभागाने पुढील सरावापूर्वी सविस्तर नियोजन सादर करावे." मला इतका आनंद झाला की काकूंना वाचून दाखवायला निघाले होते. मग नायब साहेबांचं ऐकून मागच्या सरावाचा कागद शेजारी ठेवला. तेव्हा गाव वेगळं, पाचर वेगळी, कलेक्टर वेगळे. मुद्दा ११: "पशुधनाच्या स्थलांतराबाबत संबंधित विभागाने पुढील सरावापूर्वी सविस्तर नियोजन सादर करावे." अनुपालनाच्या रकान्यात: "नोंद घेतली."

म्हणजे तेव्हाही कुठल्यातरी काकू गाडीत चढल्या नव्हत्या.

अर्धा_पेला – रात्री १०:११

दोन वर्षांत ११ वरून १४ वर. महागाई.

निवृत्त_नायब – दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:०५

तुमचा जिल्हा माझा नव्हता, हे शपथेवर सांगतो. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी ते आधीच्या फाइलमधून उतरवलं होतं.